मामांच्या गाडीचा गिअरबॉक्स

मरणाला टेकलेल्या माणसाला ‘गाडीची एक चक्कर मारून बघू का?’ असं विचारता येत नाही. क्वाबेना अमोआटेंग यांनीही विचारलं नाही, आणि पुढचं सगळं त्रांगडं तिथूनच सुरू झालं. मामा अंटवी उशीला टेकून बसले होते, घराण्यातली वडीलधारी मंडळी खोलीत दाटीवाटीने उभी होती. सगळ्यांच्या देखत मामांनी सांगून टाकलं, की कुमासीतलं घर बायकोला आणि मुलींना, आणि गाडी क्वाबेनाला. त्यांच्या अकान जमातीच्या रिवाजाप्रमाणे माणसाचा वारस त्याचा मुलगा नव्हे, बहिणीचा मुलगा. तेव्हा भाच्याला काहीतरी भरभक्कम मिळायला हवं होतं, आणि त्या काळ्याभोर जर्मन गाडीपेक्षा भरभक्कम दिसणारी वस्तू घराण्यात दुसरी नव्हती. अमोआटेंग गहिवरून बाजारात गेले आणि श्नॅप्स या कडक दारूच्या दोन बाटल्या आणून वडीलधाऱ्यांपुढे ठेवल्या. दिलेलं मी घेतलं, याची ती खूण. बाटल्या उघडल्या, पितरांसाठी जमिनीवर थोडी ओतली गेली, प्रत्येकाच्या घशाखाली एकेक घोट उतरला आणि वाटणी पक्की झाली.

अमोआटेंग पाणीपुरवठा कचेरीत तक्रार विभागात अधिकारी होते. लोक ज्याच्यावर ओरडतात पण ज्याच्या हातात काहीच नसतं, असं ते पद. घर भाड्याचं, न्हाणीघरातल्या फरश्या उखडलेल्या, आणि आजवर कोणी त्यांना कशासाठी खास निवडल्याची नोंद नव्हती. मामांना भाचे ढीगभर होते. त्यातला एक अक्रामध्ये वकील होता, एकाची औषधाची तीन दुकानं होती. तरी मामांनी त्यांनाच निवडलं. शाळेची फी मामांनी भरली होती, पहिले बूट मामांनी घेतले होते, हे सगळं खरं. पण माणूस जाताना आपली सर्वांत लाडकी वस्तू कोणाला देतो यावरून प्रेम कळतं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. मामा गेल्यानंतरच्या त्या उदास दिवसांत ते एवढ्या एका गोष्टीवर उभे होते.

सगळेच काही खूष नव्हते. अमोआटेंग यांची मावशी ड्यूफी, म्हणजे मामांची धाकटी बहीण, पहिल्या दिवसापासून धुसफुसत होती. “घर घराण्याच्या जागेवर बांधलंय,” ती म्हणायची, “आणि त्यात राहणार कोण, तर परघरची बाई. माझ्या भावाला शेवटी शुद्ध नव्हती.” घराण्याचे प्रमुख ओपानिन डोन्कोर यांनी तिला कसंबसं थोपवून धरलं होतं. मामांच्या वर्षाच्या दिवशी सगळे गावी जमतील, तेव्हा हा विषय एकदाचा मिटवू, असं ठरलं. अमोआटेंग यांना ते म्हणाले, “तू एवढंच कर. त्या दिवशी मामीला मामांच्या गाडीत बसवून गावात आण. वारसाला त्याचं मिळालंय आणि त्याने ते नीट ठेवलंय, हे लोकांना दिसलं की ड्यूफीचं तोंड बंद होईल.”

आता गाडीकडे वळू. ती गाडी घरी आणताना पहिल्याच चौकात अमोआटेंग यांना कळलं, की दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जायचं म्हटलं की तिला विचार करायला वेळ लागतो. गिअर ती आपले आपणच बदलते, ड्रायव्हरने फक्त बसायचं, असा तो थाटाचा प्रकार. पण इंजिन ओरडायचं, गाडी जागच्या जागी रेंगाळायची, आणि मग पाठीत कोणी गुद्दा घालावा तसा धक्का बसायचा. त्यांची बायको सेरवा शेजारी बसली होती. ती म्हणाली, “मामा मागे बसलेत वाटतं अजून. तुमचं ड्रायव्हिंग त्यांना कधीच आवडलं नव्हतं.”

शेजारी ताची राहायचे. हॅम्बुर्गला जाऊन आलेल्या माणसाला कुमासीत बर्गर म्हणतात, आणि ताची नुसते जाऊन आले नव्हते, चांगली बारा वर्षं तिथल्या एका हॉटेलात भांडी घासून आले होते. त्यामुळे जर्मन वस्तूंबद्दल गल्लीत त्यांचाच शब्द शेवटचा. त्यांनी कोट घातला (जर्मन गाडी तपासायला ते उन्हातही कोट घालत), बॉनेट उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिले.

“काही झालं तरी तेल बदलू नका,” ते म्हणाले. “गिअरबॉक्सचं तेल जर्मन लोक एकदाच घालतात. जन्मभराचं असतं ते.”

“कोणाच्या जन्मभराचं?” अमोआटेंग यांनी विचारलं. प्रश्न सरळ होता, पण ताची दुखावले आणि दोन दिवस बोलले नाहीत.

सुआमेच्या गॅरेज वस्तीत मास्टर ओटी यांचं मत नेमकं उलट निघालं. त्यांनी गाडीखाली जाऊन बोट बुडवून आणलं, अमोआटेंग यांच्या नाकासमोर धरलं आणि विचारलं, “साहेब, हे तेल आहे की रस्त्याचं डांबर?” तेल बदललं. गाडी गॅरेजच्या फाटकापर्यंत लोण्यासारखी गेली आणि फाटकाबाहेर तिसरा गिअर कायमचा नाहीसा झाला. मास्टर ओटींनी समजावलं, की आतल्या चकत्या केव्हाच झिजल्या होत्या आणि त्या जुन्या गाळानेच एकमेकींना चिकटून चालत होत्या. आता गाळ गेला, तर त्यांना धरून ठेवणारं काही उरलं नाही. अमोआटेंग यांना हे कितीतरी संसारांबद्दल सांगितल्यासारखं वाटलं. संध्याकाळी ताचींनी कुंपणापलीकडून फक्त एवढंच म्हटलं, “मी काही बोलत नाही.” पुढे पंधरा दिवस ते रोज संध्याकाळी कुंपणाशी येऊन काही बोलत नव्हते.

मग सेरवाच्या प्रार्थना मंडळाने विषय हातात घेतला. गाडीवर कोणाची तरी वाईट नजर आहे, आणि ती कोणाची हे ड्यूफी मावशीचं नाव न घेताही सगळ्यांना ठाऊक आहे, असं त्या बायकांचं मत पडलं. बुधवारी त्या जमल्या, गाडीभोवती फेर धरून गायल्या, आणि पाद्रीबाबांनी मंतरून दिलेलं तेल बॉनेटला लावलं. इथवर ठीक होतं. पण मंडळात सिस्टर फ्लोरेन्स नावाची एक नर्सबाई होती, आणि औषध पोटात गेलं पाहिजे, नुसतं वरून चोळून भागत नाही, असा तिचा अनुभव. तिने गिअरबॉक्सची तेल मोजायची नळी हुडकून काढली आणि उरलेली अख्खी बाटली तिच्यात रिकामी केली. दुसऱ्या दिवशी मास्टर ओटींनी नळीचा वास घेतला आणि ते बराच वेळ खाली बसून राहिले. “साहेब,” ते म्हणाले, “याच्यात आता केळी तळून घ्या. गाडी काय, नंतर बघू.”

त्यानंतर दुसरा गिअरबॉक्स बसवायचा ठरला. परदेशातल्या मोडक्या गाड्यांतून काढलेले गिअरबॉक्स कंटेनर भरून सुआमेत येतात आणि जमिनीवर कलिंगडांसारखे मांडलेले असतात. घेणारा ते वाजवून बघतो आणि कळल्यासारखी मान हलवतो. अमोआटेंग यांनीही वाजवले, मान हलवली. तो बसवला, तर गाडीतल्या कॉम्प्युटरने त्याला ओळख दाखवायलाच नकार दिला. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला आणि गाडी सायकलवाल्यांच्या मागोमाग चालू लागली. “गाडी म्हणते, हा माझा नवरा नव्हे,” मास्टर ओटी म्हणाले. मग नव्यातल्या चकत्या काढून जुन्यात घातल्या, आणि जुना परत बसवला. न्हाणीघराच्या फरश्यांसाठी बाजूला ठेवलेलं सगळं त्यात गेलं. सेरवाने तोंडाने काही म्हटलं नाही, पण आंघोळ करून आली की ती पाय जरा जास्तच जपून टाकायची.

रस्त्यावर आणायची तर गाडीचा फिटनेसचा दाखला हवा. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, “गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या.”

“ते वारले.”

“मग त्यांची सही आणा.”

अमोआटेंग काही बोलणार होते, पण तो स्वर त्यांच्या ओळखीचा निघाला. पाण्याचं बिल चुकलं म्हणून आलेल्या विधवांशी ते स्वतः याच स्वरात बोलत आले होते. ते मुकाट्याने मागे फिरले. तीन खेपा झाल्यावर दाखला मिळाला, तोही गाडी न बघताच. पाहणी अधिकाऱ्याला तेवढ्यात एका दफनविधीला जायचं होतं.

या सगळ्याची दादही त्यांनी घराण्यात कोणाला लागू दिली नाही. कोणी विचारलं की ‘सर्व्हिसिंगला दिलीय’ म्हणायचे. मामीला तर मुळीच कळू द्यायचं नव्हतं. नवऱ्याची इतकी जपलेली गाडी भाच्याच्या हातात येताच ढासळली, हे त्या माउलीला कोणत्या तोंडाने सांगायचं? आपल्याच हाताने मामांच्या प्रेमाचा चुराडा होतोय, असं त्यांना वाटत होतं.

वर्षाचा दिवस उजाडला. मामी वर्षभराचं दुखवट्याचं काळं उतरवून पांढरं नेसायला गावी निघाल्या होत्या. पांढरं वस्त्र मांडीवर घडी करून त्या मागच्या सीटवर बसल्या, ओपानिन डोन्कोर पुढे बसले, आणि गाडी निघाली. सपाटीवर ती शहाण्यासारखी चालली. ओपानिन खूष होऊन काच खाली घेत आणि प्रत्येक गावात ओळखीचं कोणी नसलं तरी हात हलवत. अमोआटेंग यांना वाटलं, मामा वरून बघत असतील.

मांपोंगच्या घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबली. इंजिन चालू होतं, दांडा पुढे जाण्याच्या खुणेवर होता, अमोआटेंग पाय दाबत होते, आणि गाडी हलत नव्हती. नंतर ती हलली, पण मागे, उतारावरून. पुढचे सगळे गिअर एकाच वेळी निघून गेले होते. शिल्लक राहिला होता फक्त रिव्हर्स, आणि तो मात्र अगदी ठणठणीत होता.

बराच खल झाला. शेवटी अमोआटेंग म्हणाले, “ओपानिन, उलटी चढवतो. मागून का होईना, पोचेल.”

ओपानिन यांनी खांद्यावरचं वस्त्र सावरलं आणि दार उघडलं. “हे बघ क्वाबेना, मी घराण्याचा प्रमुख आहे. मी गावात पाठमोरा शिरत नाही.” मागून येणाऱ्या एका ट्रोट्रोला त्यांनी हात केला आणि त्या मिनीबसमध्ये कोंबड्यांच्या पाट्यांशेजारी बसून ते पुढे निघून गेले.

मामी जागच्या हलल्या नाहीत. अमोआटेंग यांनी गाडी रस्त्यावर उलट फिरवली, मान वळवली, उजवा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकला आणि मागच्या काचेतून रस्ता बघत चढायला लागले. अडचण एवढीच, की रस्त्याकडे बघायचं तर मामींच्या तोंडाकडेही बघावं लागत होतं. वर्षभर ज्यांची नजर टाळली, त्यांच्याशी आता घाट संपेपर्यंत समोरासमोर. वरून येणारे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, त्यातला एक तर गाडी थांबवून टाळ्या वाजवून गेला.

“मामी, माफ करा,” ते म्हणाले. “मी फार केलं हो तिचं. पण माझ्या हाताला यशच नाही.”

मामी खिडकीबाहेर बघत होत्या. दोन वळणं गेली. मग त्या म्हणाल्या, “ते पण हा घाट असाच चढायचे.”

“कोण?”

“तुझे मामा. पुढे बघ, म्हणजे मागे बघ, खड्डा आहे. शेवटची पाचेक वर्षं चढावर हिचं हेच चाललंय. लग्नाबिग्नाला गावी जायचं, तर ते आदल्या दिवशी पहाटे निघायचे, म्हणजे कोणी बघू नये. वर पोचलं की गाडी पुसून मांडवाशेजारी लावायची आणि दुसऱ्या दिवशी लोकांनी तिच्याजवळ उभं राहून फोटो काढायचे.”

अमोआटेंग यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी घाटाच्या मध्यावर थांबली.

“म्हणजे त्यांना माहीत होतं.”

“त्यांना माहीत नसेल तर कोणाला?” मामींनी मांडीवरचं पांढरं वस्त्र उगीचच पुन्हा घडी केलं. “ते म्हणाले, घर द्यायचं तर भाच्याला काहीतरी मोठं गेलं पाहिजे, नाहीतर ड्यूफी तुम्हाला वर्षभरात बाहेर काढेल. गाडी मोठी दिसते. बाकीचे भाचे आधी मेकॅनिक घेऊन येतील. क्वाबेना लगेच श्नॅप्स आणेल.”

घाटात धूळ उडत होती. अमोआटेंग सीटच्या पाठीवर हात तसाच ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. “मामा मला मूर्ख समजायचे का?”

मामी खोटं बोलू शकल्या असत्या. तसा प्रयत्न त्यांच्या तोंडावर दिसलाही. “थोडंसं,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “मी नको म्हटलं होतं. त्या पोराचं मन मोडेल म्हटलं. तर म्हणाले, त्याला कळेल तेव्हा तो ओरडणार नाही. चल आता, इंजिन तापेल.”

उरलेला घाट अमोआटेंग यांनी मामींच्या डोक्यावरून पलीकडे, नुसत्या रस्त्याकडे बघत चढवला.

गावात मांडव घातलेला, लाऊडस्पीकरवर गाणी चाललेली, काळ्या-पांढऱ्या कपड्यांतलं अख्खं घराणं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेलं. त्या सगळ्यांसमोर मामांची गाडी शेपटीच्या बाजूने शिरली आणि गाणं मध्येच बंद झालं. अमोआटेंग उतरले, रिवाजाप्रमाणे उजवीकडून सुरुवात करून एकेकाशी हात मिळवत गेले. प्रत्येक हातामागे एक दाबलेलं हसू होतं. ड्यूफी मावशीशी हात मिळवायची वेळ आली, तेव्हा ती उठूनच उभी राहिली.

“ओपानिन, आता तरी डोळे उघडा,” ती म्हणाली. “घर बायकोला आणि माझ्या बहिणीच्या मुलाला हे भंगार. ही आधीपासूनच अशी असणार, मी पैजेवर सांगते. मरतामरता आपल्या घराण्याला टोपी घातली. देतानाच वस्तू मेलेली असेल, तर ते देणं नव्हे. वाटणी मोडा. आणि घर मला नको हो, घर क्वाबेनाला द्या. बिचारा भाड्याने राहतो.”

मांडवात कुजबुज झाली, आणि ती सगळी अमोआटेंग यांच्या बाजूची होती. हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. वकील भाऊ मान डोलावत होता. औषधवाल्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. कोणीतरी त्यांना माल्ट शीतपेयाची थंड बाटली आणून दिली. चार खोल्यांचं ते घर त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. पुढचा व्हरांडा, मागची आंब्याची सावली, आणि धडधाकट फरश्यांचं न्हाणीघर. मामी एका कडेला दोन्ही मुलींच्या मध्ये बसल्या होत्या. पांढरं अजून नेसल्या नव्हत्या. त्यांनी मान वर केली नाही.

ओपानिन डोन्कोर यांनी काठी जमिनीवर आपटली. “क्वाबेना, इथे सगळे बसलेत. खरं सांग. मामांनी दिली तेव्हा गाडी कशी होती? बिघडलेली होती म्हणालास, तर मी आज वाटणी मोडतो.”

अमोआटेंग यांनी माल्टची बाटली खाली ठेवली. मामांचा त्यांना इतका राग आला होता की समोर असते तर पहिल्यांदाच त्यांना अरेतुरे केलं असतं. ढीगभर भाच्यांतून निवडलं, ते याच्यासाठी. आणि त्यांना हेही दिसत होतं, की आता आपण तोंड उघडलं की मामांचा तो हिशेब तरी खरा ठरणार, नाहीतर कायमचा चुकणार.

“गाडी उत्तम होती,” ते म्हणाले. “मामांच्या घरून माझ्या दारापर्यंत पाण्यासारखी आली. वाट मीच लावली तिची. तेल बदलू नका म्हणून शेजाऱ्याने सांगितलं होतं, मी बदललं. प्रार्थनेचं तेल आत गेलं, मी बघितलं नाही. भलताच गिअरबॉक्स आणून बसवला. मामांचा काही दोष नाही. वाटणी ठीक आहे.”

मांडवात एकदम सगळेच बोलू लागले. औषधवाल्याने पाठीवरचा हात काढून घेतला. ड्यूफी मावशी “असला वारस” एवढंच म्हणून खाली बसली. ओपानिन यांनी चार म्हाताऱ्यांना बाजूला घेऊन विचार केला आणि परत येऊन निवाडा दिला. घराची वाटणी मामांनी सांगितली तशीच कायम, आणि तो विषय आता पुन्हा निघणार नाही. मात्र घराण्याची वस्तू एका वर्षात मातीत घालणाऱ्या वारसाला दंड झालाच पाहिजे. पितरांची माफी मागायला एक मेंढा आणि श्नॅप्सच्या दोन बाटल्या, आजच्या आज.

मेंढा मिळायला वेळ लागला, कारण त्या दिवशी गावात आणखी दोन कार्यं होती. अमोआटेंग यांनी शेवटी एक हाडकुळा मेंढा शोधला आणि दोरीने ओढत मांडवात आणला. तोही पुढे यायला तयार नव्हता. म्हाताऱ्यांनी बाटली उघडली, जमिनीवर धार धरली आणि मामांना हाक मारून सांगितलं, की अंटवी, तुझ्या भाच्याच्या हातून चूक झाली आहे, तो गुन्हा कबूल करतो आहे, त्याला पदरात घे. त्या वेळी मामी आतून पांढरं नेसून बाहेर आल्या आणि मुलींना घेऊन पहिल्या रांगेत बसल्या.

मामांचं नाव घेतलं गेलं आणि अमोआटेंग यांना रडू फुटलं. दफनाच्या दिवशी पाहुण्यांच्या खुर्च्या मोजण्यात, आणि नंतर वर्षभर गॅरेजच्या खेपांत, ते मामांसाठी असे रडलेच नव्हते. आता मेंढ्याची दोरी हातात धरून, भर मांडवात, नाकातोंडातून पाणी येईस्तोवर ते रडले. लोक एकमेकांना कोपराने ढोसत होते. अहो, एका मेंढ्यासाठी एवढं काय रडायचं, असं पलीकडच्या खुर्चीवरून कोणीतरी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालं. मामी उठल्या, भर मांडवातून चालत त्यांच्याजवळ गेल्या आणि त्यांच्या हातातली दोरी स्वतःच्या हातात घेऊन शेजारी उभ्या राहिल्या.